साडूभाऊंचा जाहीर पाठिंबा

तीर्थस्वरूप साडूभाऊ यांस,

गल्लीतल्या कोरड्या नळाजवळून साष्टांग नमस्कार. भाषणांनी आपला घसा बसल्याचे कळले; तो लवकर बरा व्हावा, पण मतदानानंतर. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. (सलून सोडून.)

आपण पक्षातर्फे मला जाहीर पाठिंबा दिलात, हे उपकार विसरू म्हणता विसरता येत नाहीत. नळाला पाणी यावे एवढ्याचसाठी मी नगरसेवकपदाला अपक्ष उभा राहिलो होतो. निवडून येणार हे ठरल्यासारखेच होते, कारण माझ्या खुर्चीत सगळ्या पक्षांची डोकी बसतात आणि कात्री चालवताना मी प्रत्येकालाच "खरंय" म्हणतो. (डोके हलू नये म्हणून.) त्यामुळे प्रत्येकाला मी आपलाच वाटायचो. आपण दुकानावर फलक लावून मला एकाचाच करून टाकलेत. त्यावर आपण केवढे, आणि मी आपल्या कोपराखाली! गिऱ्हाइके विचारतात, हा हरवलाय का?

निवृत्त मास्तर तर एका गालाची दाढी झालेली असताना फलक वाचून उठले आणि उरलेला गाल घेऊन समोरच्या सलूनमध्ये गेले. माझ्या वडिलांच्या काळापासूनचे गिऱ्हाईक हो! फार वाईट वाटले. आपले कार्यकर्ते दिवसभर खुर्च्या अडवून चहा पितात. केस कुणी कापत नाही. (अर्ध्यांना तर ते नाहीतच.)

सभेत कहरच झाला. आपण गरजलात, "आमचा हा पठ्ठ्या विरोधकांना पाणी पाजल्याशिवाय राहणार नाही!" तेवढ्यात इस्त्रीवाल्या मावशी रिकामी बादली उंचावून म्हणाल्या, "त्यांना मागाहून पाजा, आधी आम्हाला पाजा की!" सगळी सभा हसली. मीही हसलो, माफी असावी. पण घरी आलो तर आपली मेहुणी (म्हणजे माझी बायको) रिकाम्या बादल्यांपाशी डोळे पुसत बसली होती. म्हणाली, "भावजींनी तुमची बिनपाण्याने केली." हरणे मी सोसेन, पण नळ कोरडाच राहिला तर तिला तोंड कसे दाखवू?

थोरल्या ताईंना नमस्कार.

आपला धाकटा साडू

ता. क. आपण मोठ्या मनाचे आहात. तोच पाठिंबा, तोच फलक आणि तेच भाषण माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या औषधवाल्याला देता का? मी नक्की निवडून येईन.

पुन्हा ता. क. आपल्या कार्यकर्त्यांनी माझ्या खांद्यावरून हे पत्र वाचून गल्लीभर केले. औषधवाला आत्ताच दाढीला येऊन बसलाय. साबण लावलेल्या तोंडाने हात जोडून म्हणतो, "वाटेल ते करा, पण तुमच्या साडूंना आवरा." वस्तरा माझ्या हातात आहे, साडूभाऊ, पण तो घाबरलाय तो तुम्हाला.