मिकेसची लेक

२ ऑगस्ट
पोहोचले एकदाची! बोटीतून उतरल्या उतरल्या चपला काढल्या आणि पाय समुद्रात सोडले. पिरेयस बंदरातल्या इस्पितळात रात्रपाळ्या करून करून नुसतं चिपाड झालंय माझं. आता मी, पलंग आणि झोप. लेमोनिया चौदा तारखेला मावशीबरोबर येईल, मग पंधराचा मारियामातेचा सण आम्ही मायलेकी इथंच करू. तोवर कुणी मला हाकसुद्धा मारायची नाही.

भाड्याचं घर अगदी वरच्या टोकाला. पायऱ्यापायऱ्यांवर म्हाताऱ्या उंबऱ्यात बसलेल्या आणि प्रत्येकीचा बेटावरचा तोच जुना प्रश्न, पोरी, तू कुणाची गं? हातात बॅग, डोक्यावर ऊन, किती जणींना पिरेयस समजावून सांगू? घराच्या दारावर एक जुनं नाव कोरलेलं होतं, मिकेस. म्हटलं, मिकेसची लेक मी, झालं समाधान? त्यांतली थोरली, थेमेलीना आजी, काळ्या रुमालानं डोळे पुसायला लागली. मला ओशाळल्यासारखं झालं, पण पाय इतके दुखत होते की आत जाऊन सरळ आडवी झाले.

४ ऑगस्ट
थेमेलीना आजी मसूर आणि ऑक्टोपस घेऊन आली. सणाआधीचा उपवास, त्यात ऑक्टोपस चालतो, चीज नाही, म्हणाली. मग बसून सगळं सांगितलं. मिकेस समुद्राच्या तळातून स्पंज काढणारा पाणबुडा. चाळीस वर्षांपूर्वी खाली गेला तो वर आलाच नाही, प्रेतही मिळालं नाही. बायको वाट बघून बघून गेली आणि तान्ही लेक नातेवाइकांनी ऑस्ट्रेलियाला नेली. आजीला वाटतंय ती मीच. कान तर थेट बापाचे, म्हणे!

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण रडणारी म्हातारी, समोर गरम जेवण, आणि माझ्या अंगात बोलायचंही त्राण नाही. उद्या सांगू म्हटलं.

जाताना तिनं बजावलं की दुपारी खिडक्या लावून निजण्याआधी कट्ट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा. बुडालेल्या माणसाला तहान फार, आणि स्वतःच्या रक्ताचं माणूस राहत असेल तरच तो घरी येऊ शकतो. ठेवला ग्लास. माझं काय जातंय?

६ ऑगस्ट
आज चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद दिला. मला सगळ्यांत मोठा घोस मिळाला. बायका खुशीत होत्या. काल संध्याकाळी सगळ्या मिळून किनाऱ्यावर गेल्या आणि पाण्याकडे तोंड करून ओरडल्या, मिकेस, लेक आलीय, घरी ये! एक म्हणाली, बुड्या मारून मारून तो ठार बहिरा झालेला, म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडलो बाई. मीही हसले.

दुपारी उठले तर ग्लास रिकामा. उकाड्यानं आटलं असेल. झोप गाढ लागते, पण उठते ती रात्रपाळी करून आल्यासारखी.

८ ऑगस्ट
आज ग्लास भरलेला होता. घोट घेतला, खारट. पलंगाची दुसरी बाजू ओली आणि दबलेली. कितीही पाणी प्यायले तरी ओठांवरचं मीठ जात नाही. आरशात बघवत नाही.

९ ऑगस्ट
आजीला खरं सांगितलं. माझा बाप पिरेयसचा पाववाला, तिथल्याच मातीत आहे. आधी भडकली, जिभेला काही हाड आहे का म्हणून. मग पांढरीफटक पडली. चाळीस वर्षं तो निजलेला नाही, म्हणाली. आता तुला आपली लेक समजून शेजारी निजतो, तुझी झोप घेतो, चाळीस वर्षांची पुरी होईपर्यंत घेत राहील.

बायका परत किनाऱ्यावर गेल्या. ती तुझी नाही, म्हणून ओरडल्या. मी विचारलं, ऐकलं का त्यानं? आजी म्हणाली, चांगली बातमी बहिऱ्यालाही ऐकू येते, ही कशी येणार? उद्याच्या बोटीनं नीघ, म्हणाली.

१० ऑगस्ट
धक्क्यावर बॅगेवर बसले होते. बोट दिसत होती. एवढंच आठवतंय.

जाग आली ती पलंगावर. बॅग खोलीत, निथळत. फोन आतच होता, मेला. बायका शपथ घेऊन सांगतात की आम्ही तुला वर आणली नाही.

११ ऑगस्ट
पुढची बोट थेट चौदाला. एकही नंबर पाठ नाही. सगळे त्या फोनात. लेमोनियाला कळवू कसं? ती इथं येऊन निजली तर — माझी झोप संपत आलीय. लहान पोरांजवळ तर केवढी झोप असते.

१२ ऑगस्ट
आज ग्लास ठेवला नाही. दार लावून घेतलं. तरी आला. शेजारी श्वास, बुडबुड्यांसारखा. ओरडले, मी तुझी नाही! कुशीवर वळला फक्त.

१३ ऑगस्ट
उठवत नाही. आजी आली होती. उद्या स्वतः धक्क्यावर उभी राहते, पोरीला त्याच बोटीत परत बसवते म्हणाली. हात धरून रडले. देवा, तेवढं होऊ दे —

१४ ऑगस्ट
भोंगा वाजला. बोट आली.

शेजारची जागा रिकामी. आज तो निजलेला नाही —

पायऱ्यांवर ओले पाय, खाली दारापर्यंत उतरणारे —

घंटा वाजतायत, मिरवणूक. धक्क्यावर गर्दी. आजीला दिसेल ना ती?

नाही. चपलांचा आवाज. धावतेय. मावशी मागे बॅगा ओढत असेल, ही नेहमीसारखी पुढे —

दाराशी थांबली. कुणीतरी विचारतंय. आजीचा आवाज नाही हा. तोंडात पाणी भरल्यासारखा. पोरी, तू कुणाची?

लेमोनिया, बोलू नकोस. माझं नाव नको घेऊस, त्याची नात ठरशील. हाक फुटत नाही — मीच शिकवलंय तिला, मोठ्यांनी विचारलं की खणखणीत आवाजात सांगा —

सांगतेय. किती मोठ्यानं. बहिऱ्यालाही —