अक्कांची मोटार

३ मार्च १९६३
नंदकिशोर नवी मोटार दाखवायला आला. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाचा. हप्ते भरायचे म्हणून गावाबाहेर माळावर स्वस्तात राहतो—आणि माळावर राहतो म्हणून साधं मीठ आणायलाही मोटार काढतो! त्याला तासभर समजावलं. आम्ही मोटार घेतली नाही, म्हणूनच भर गावात, बसवनगुडीतलं भाडं परवडतं. भाजी, देऊळ, दवाखाना—सगळं चालत!

"पण चालतं कोण?" चहा देताना सुलभा म्हणाली. बायकोला तत्त्वज्ञानात गती नाही.

७ मार्च
घरमालकीण गंगव्वा अक्का आल्या. बेळगावकडच्या. पूर्वी स्वतः मोटार चालवायच्या. डोळे अधू झाल्यापासून ती अंगणात उभी आहे. सुलभा तिच्या टपावर सांडगे वाळत घालते. अक्कांना दर सोमवारी देवनहळ्ळीला आजारी भावाकडे जायचंय.

"इंजिनेरसाहेब, चालवा की. न्हाईतर मोटार चालिवता येणारा दुसरा भाडेकरू बघते री!"

"तत्त्व म्हणून मी मोटारीला हात लावत नाही," मी बाणेदारपणे सांगितलं.

खरं म्हणजे मला चालवता येत नाही. विमानाचे भाग बनवणाऱ्याने हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

८ मार्च
झोप नाही. घर गेलं तर माळावर जायचं—नंदकिशोरच्या शेजारी! सुलभाला सगळं सांगितलं. ती "सरी"—म्हणजे ठीक आहे—म्हणाली आणि भाजी निवडत बसली. हे इथलं कानडी तिला कुठून लागलं!

१९ मार्च
अक्का पुन्हा बोलल्या नाहीत. बाणेदारपणा लागू पडलेला दिसतो. सुलभा हल्ली सकाळी त्यांच्याबरोबर देवळात जाते, घामाघूम होऊन परतते. चालण्याचं महत्त्व तिलाही पटलं—बरं वाटलं. सांडगे मात्र बंद. का, तर म्हणे ऊन कमी आहे. मार्चमध्ये!

२ एप्रिल
सुलभाच्या पदराला काळं तेल. म्हणाली, समईचं.

१३ मे, सोमवार
ऑफिसला निघालो तर फाटकात हॉर्न! मागे अक्का ऐसपैस बसलेल्या. स्टिअरिंगवर—सुलभा!

"शिकिवलं मी. डोळं गेलं, तोंड हाय की!" अक्का म्हणाल्या.

"लायसन्स मिळालं. दर सोमवारी मी अक्कांना नेणार. घर आपलंच राहिलं," सुलभा म्हणाली. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. कौतुक करणार, तेवढ्यात तिने विचारलं, "तुम्हाला बसथांब्यावर सोडू, की तत्त्व आहे?"

तत्त्व आहे म्हणालो. कोपऱ्यापर्यंत चाललो. मग मोटार मागून आली, तेव्हा हात केला.

थांबली नाही.