शिवेवरचं जनावर

आबा,

परवा तुम्हाला पडद्यावर पाहिलं. पुण्यातल्या एका कॉलेजच्या मुलांनी आपलं ते जुनं चित्र लावलं होतं. आपल्या गावच्या जुन्या धरणाच्या वरचं रान, कलती उन्हं, आणि कारवीतून चार पायांवर बाहेर येणारे तुम्ही. मुलं आधी हसली. मग तुम्ही मान वळवलीत आणि हसणं थांबलं. मी मागच्या रांगेत होतो. इतक्या वर्षांनीही तुमची भीती वाटते, याचा मला फार आनंद झाला.

तिकडे पानशेत फुटलं त्याच्या आदल्या दिवाळीची गोष्ट. मी, कॉलेजातला एक मित्र, त्याच्या मामाचा चावीचा कॅमेरा आणि आपलं गाव, एवढ्यावर आम्ही भयपट काढायला निघालो होतो. रानात एक जनावर आहे, त्याला कुणी नाव दिलेलं नाही. ते रोज थोडं गावाकडे सरकतं. शेवटी सगळे पळतात आणि गाव मोकळं पडतं, अशी माझी गोष्ट होती. चित्र पुरं झालं नाही तर हायस्कुलातली नोकरी धरायची, हे तुम्ही माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. तरी जनावर व्हायला तुम्हीच उभे राहिलात. दिवाळीतल्या वाघबारशीला दर वर्षी गावचा वाघ तुम्हीच व्हायचात. दुसऱ्या कुणाला विचारणं बरं दिसलं नसतं. पुण्याहून आणलेला कागदी मुखवटा दवात भिजून लगदा झाला, तेव्हा तुम्ही झाडाच्या सालींचा बांधलात. भातलावणीत बायका पावसासाठी अंगावर घेतात ते इरलं पाठीला बांधलंत, त्यावर जुनं घोंगडं टाकलंत. आई चुलीपाशी वाघोबाची खीर ढवळते आहे आणि तुम्ही मुखवटा टोपीसारखा मागे सारून भाकरी खाता आहात. मित्र काळजीनं म्हणतो, काका, बघणाऱ्याला भीती वाटायला हवी. तुम्ही आईकडे बोट दाखवता. "मला बघून ही कालवण वाढाया इसरली न्हाई. गावाचं काय सांगू?"

शेवटच्या पळापळीसाठी फिल्मचा एकच डबा उरला होता. जागा वाघोबाच्या दगडाजवळची, शिवेवरची. जनावर दिसलं की ओरडत पळायचं, असं मी सगळ्यांना बजावलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही कारवीतून आलात. गाव काठ्या घेऊन तुमच्याच अंगावर धावलं. वाघबारशीला वाघ असाच हाकलतात: शिवेवर घेरायचं, पुन्हा येशील का म्हणून विचारायचं, आणि नाही येणार म्हणेपर्यंत सोडायचं नाही. त्यांनी घेरलं, विचारलं. तुम्हीही सवयीनं मान खाली घालून नाही म्हणालात आणि रानात पळालात. चुलती पदर तोंडाला लावून हसत होती. "भावजी, तोंड झाकलं तरी चाल कळतीया." मी पुन्हा समजावलं. पुन्हा तेच झालं. मित्रानं कॅमेऱ्यावरचा उरलेल्या फिल्मचा आकडा पाहिला आणि तो दगडावर जाऊन बसला.

मी सगळ्यांदेखत तुमच्यावर चिडलो. ही वाघबारस नाही, यांना पळायला सांगा, म्हणालो. तुम्ही मुखवटा काढलात. कपाळावर सालीचे ओरखडे उठले होते.

"तू म्हनशील तितकं रांगीन. पन ही मानसं पळायची न्हाईत."

का, मी विचारलं. तुम्ही खाली धरणाच्या पाण्याकडे हात केलात.

"माजं घर त्या पान्याखाली हाय. येकदा गाव सोडून उटलोय आमी. आता खोट्या जनावरासाटीबी उटनार न्हाई."

चुलती हसायची थांबली. लहानपणी तुम्ही त्या पाण्यात कुठे चावडी होती, कुठे चिंच होती ते काठावरून दाखवायचात आणि मला फक्त पाणी दिसायचं. त्या दिवशीही पाणीच दिसलं. पण पाण्याकडे बघणारी माणसं दिसली, आणि मी लिहिलेला शेवट खोटा आहे हे कळलं. मी मित्राला उठवलं. म्हटलं, शेवट बदलला. हे जे करतात तेच घे. तिसऱ्यांदा तुम्ही आलात ते निराळेच. आता कुणी गमतीनं उभं नव्हतं. चुलतीनं काठी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. कुणी मागे सरलं नाही. चावी संपेपर्यंत कॅमेरा चालला.

चित्र पहिल्यांदा लागलं ते पौडला, जत्रेच्या तंबूत. ते मुकं होतं. मी कर्ण्यावरून मजकूर वाचत होतो आणि शेजारी एक जण ढोल वाजवत होता. जनावराचं उत्तर मी मजकुरात ठेवलं नव्हतं. जनावर बोललं की भीती गेली, असं मी पुस्तकांतून शिकलो होतो. पडद्यावर वेढा पडला. ढोल थांबला, मी थांबलो. आणि तंबूतल्या माणसांनी, माले, रिहे गावांच्या आणि धरणाकाठच्या, एका सुरात विचारलं, "आमच्या शिवंत पुन्ना येशील का?"

पडद्यावरचे तुम्ही मान खाली घालून उभे. उत्तर नाही. एका बाईनं पोर छातीशी ओढलं. मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, बोलत का न्हाई ह्यो? भीती म्हणजे काय ते मला त्या तंबूत समजलं. मी हातातला कागद उलटा करून पाहिला. तिथे काही नव्हतं. तेव्हा पुढे जमिनीवर बसलेले तुम्ही उठलात. तुमच्या डोक्याची सावली जनावरावर पडली.

"न्हाई येनार," तुम्ही म्हणालात. मोठ्यानं नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असं.

मग जे झालं ते मी कुठल्याच थिएटरात पुन्हा पाहिलं नाही. पागोटी उडाली. माणसं बाकांवर चढली, ढोलवाल्याला थांबवता येईना. तंबूचा मालक गर्दीतून वाट काढत आला आणि लगेच दुसरा खेळ लावा म्हणाला. त्या मोसमात तंबू जिथे गेला तिथे तुम्ही गेलात. प्रत्येक खेळाला तुम्हीच उठायचात, आणि उठण्याआधी दर वेळी थोडा जास्त वेळ घ्यायचात. पहिल्या दिवशी घरी परतताना बैलगाडीत तुम्ही पागोटं सोडून मांडीवर ठेवलंत. मग म्हणालात, "मास्तरकी ऱ्हाऊ दे तुजी. ह्ये बरं हाय." पुढे मला बक्षिसं मिळाली, शाली मिळाल्या. त्या बैलगाडीतल्या वाक्याच्या तोडीचं काही मिळालं नाही.

परवा कर्णा नव्हता, ढोल नव्हता. वेढा पडला, गावाचे ओठ हलले, तुम्ही मान खाली घातलीत. मुलांना प्रश्न ठाऊक नव्हता, त्यामुळे कुणी विचारलाही नाही. मी मागे बसून मनात विचारला. शेवटी मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. तुम्ही असतात तर मुखवटा मागे सारून त्यांच्याकडे पाहिलं असतंत. एका मुलीनं येऊन विचारलं, गावकरी त्या जनावराला काय म्हणतात? पुन्हा येशील का, असं विचारतात, मी म्हटलं.

आणि ते काय उत्तर देतं?

आठवत नाही, असं मी तिला सांगितलं. हे पत्र आता फिल्मच्या डब्यात ठेवतो. मला आठवतं, आबा. पण तुम्ही गेल्यापासून तुमच्या तोंडचं ते उत्तर तेवढं मला सांगवत नाही.