आळ्यांच्या शेडातलं मशीन

केज,
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

चि. पंचशीला हिस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आणि सोबतचा कागद मिळून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते आधी नोंदवतो. आमच्या स्वयंपाकघरातला ट्यूबलाइट गेल्या महिन्याच्या नऊ तारखेपासून धड जगत नाही आणि मरतही नाही. नुसता लुकलुकतो. या अन्यायाविरुद्ध मी घरमालकाकडे तीन वेळा तोंडी आणि एकदा लेखी दाद मागितली. वायरमन 'येतो' म्हणाला, पण कुठल्या महिन्यात ते म्हणाला नाही. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज प्रलंबित ठेवणाऱ्या अव्वल कारकुनावर शेवटी अशी वेळ आली, की ताटातली भाकरी करपली आहे की नाही हे चावल्यावर कळतं.

शेवटी तुझी वहिनी म्हणाली, "सगळ्या तालुक्याचा कारभार बघता, अन् घरातली एक नळी बदलता येईना? बघा तरी करंट येतो का. कपाटात टेस्टर हाय की." कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात टेस्टर होता. पिवळ्या दांड्याचा, दांड्याला लाल दोरा बांधलेला. ट्यूबलाइट अजून तसाच आहे. मी टेस्टर घेऊन बसलो आणि हे पत्र लिहायला घेतलं. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि अडचण आली की मलाही 'रेंज नाही' म्हणायची सोय असते.

तर, येत्या बुधवारी गेवराईला तहसिलीत, तुमच्या बांधाशेजारच्या तात्याबानं वाटेसाठी लावलेल्या दाव्याची तारीख आहे आणि मी तुमच्या बाजूनं साक्षीला उभं राहायचं आहे, हे कळलं. तुझ्या बन्सीरावांनी करून आणलेलं शपथपत्र वाचलं. 'सदरहू इसम' चार वेळा आलं आहे, दोनदा आलं असतं तरी तात्याबाच ठरला असता. सही कुठं करायची तिथं तू पेन्सिलीनं फुली मारलीस. कारकुनाला सहीची जागा दाखवणारी तू पहिलीच. तिसरं कलम असं आहे: 'दि. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी मी शेडात हजर असताना शेजारील कांद्यावर फवारलेल्या औषधाचा उग्र वास मला आला.' त्याबद्दल पुढे लिहितो.

इकडे सगळं ठीक. आमचा सौरभ पुण्यात नोकरीला लागला, दर आठवड्याला फोन करून माझा बीपी विचारतो, सांगायच्या आत ठेवतो. परवा पप्पूचाही फोन आला होता. पप्पू म्हणजे आपलं मशीन जोडून देणारा, इथला कॉम्प्युटरच्या दुकानवाला. "साहेब, पेपर बघितला का? बिटकॉइन लाख डॉलरच्या फुडं! आपुन ठेवलं असतं तर?"

मी म्हटलं, "आपण बिटकॉइन काढत नव्हतो बे. त्याच्या धाकट्या भावाला काढत होतो."

"मंग धाकटाबी वाढलाच की!"

सात वर्षं व्हायला आली, हा माणूस 'असतं तर'च्या पुढं सरकलेला नाही. मीही फार पुढं गेलेलो नाही. फक्त माझं 'असतं तर' वेगळं आहे.

तुला आठवतं, मशीन आणलं तेव्हा मी तुला समजावून सांगितलं होतं, की हे दिवसरात्र गणितं सोडवतं आणि बक्षीस म्हणून नाणं मिळतं. तू विचारलंस, "कुणाची गणितं?" मला सांगता आलं नाही. "अन् सुटल्यावर त्या गणिताचं काय करत्यात?" तेही सांगता आलं नाही. मग मी 'तुला नाही कळायचं' म्हणालो. आजही मला एवढंच कळतं, की सहा कार्डांचा तो लोखंडी रॅक पिठाच्या चक्कीसारखा घुमायचा आणि भट्टीसारखा तापायचा. इथं घरमालक मीटरची तबकडी बघायला रोज खाली यायला लागला, तेव्हा मला तुझं रेशमाचं शेड आठवलं.

थंडीत आळ्यांना ऊब लागते म्हणून तू कोळशाची शेगडी ठेवायचीस. मी म्हटलं, शेगडीऐवजी हे ठेव, बिल अर्धं अर्धं. जगभरातले लोक मशीन गार ठेवायला पैसे मोजत होते आणि तुमच्या तलवाड्यात त्याच्या गरमीवर रेशीम पिकत होतं. ग्रुपवर मी फोटो टाकला, तर लोकांनी मला शास्त्रज्ञ ठरवलं. डिसेंबरची बॅच तुझी आजवरची सगळ्यात चांगली निघाली. तू म्हणालीस, "दादा, तुझं मशीन पैसे देईल न देईल, आळ्या मातर लई खूश हायत."

जानेवारीत नाण्याचा भाव रोज चढत होता. मी ऑफिसात फायलीखाली मोबाइल धरून बसायचो, साहेबांना वाटायचं मी प्रकरणात लक्ष घातलंय. ग्रुपवर मी, पप्पू आणि दोन शिक्षक. भाव चढला की आम्ही सगळे अभ्यासू, पडला की श्रद्धाळू. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो निम्म्यावर आला आणि आम्ही फारच श्रद्धाळू झालो. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चढायला लागला. नेमका तेव्हा तुझा फोन आला.

"दादा, ऊन तापाया लागलं. आळ्यांनी चौथी कात टाकली, आता त्यांला गारवा पायजे. तुझं मशीन बंद केलंय मी."

मी 'बरं' म्हणालो. म्हणताना मी भावाकडं बघत होतो.

आता अठरा तारीख. रविवार होता. उमापूरला लग्न होतं, तुम्ही दोघं सकाळचा पाला टाकून निघालात आणि शेड माझ्यावर सोपवलंत. जाताना तू बजावलंस: दुपारी पाला टाक, गोणपाटं ओली कर, पडदे वरच ठेव. मी मान डोलावली. तुमची गाडी वळली आणि मी मशीन चालू करायला गेलो.

ते चालू होईना. बोर्डात करंट आहे का तेच कळेना, म्हणून बांधावरून तात्याबाला हाक मारली. त्यानं सकाळी कांद्यावर फवारणी केली होती हे खरं, पंप झाडाखाली धुऊन पालथा घातला होता. त्यानं टेस्टर आणून दिला. म्हणाला, "काम झालं की द्या, अनिलराव. एकच हाय." सैल झालेली वायर सापडली, मशीन सुरू झालं. मग वारं सुटलं, धूळ उडायला लागली. धूळ पंख्यांत गेली की कार्डं जळतात, असं पप्पूनं शंभरदा सांगितलं होतं. म्हणून मी शेडाचे पडदे पाडले. चारही बाजूंनी.

तात्याबा बांधावर उभा होता. "पडदे कावून पाडले? आळ्यांला वारं लागतंय न्हाई का?"

मी म्हणालो, "धूळ येती."

आळ्यांना धुळीचं काही नव्हतं हे त्यालाही माहीत होतं.

मी घरात जाऊन पडलो, मोबाइल छातीवर. गोणपाटं ओली केली नाहीत. पाला टाकायला गेलो तेव्हा तीन वाजले होते आणि आत शिरल्यावर माझा चष्मा धुरकटला. तरी मशीन बंद केलं नाही, भाव चढत होता. पाचला बंद केलं, पडदे गुंडाळले, तुम्ही सहाला आलात. तू विचारलंस, "समदं ठीक?" मी म्हणालो, "ठीक."

त्या सहा तासांत मशीननं किती काढलं ते मी नंतर बघितलं होतं. दोनशे रुपये भरले नव्हते.

मंगळवारी आळ्या पाला खाईनात. बुधवारी मऊ पडल्या, काळपट झाल्या. दोनशे अंडीपुंजांची बॅच बन्सीरावांनी फावड्यानं ओढून खड्ड्यात घातली. मी रजा टाकून आलो होतो. बघायला आलेला रेशीमवाला म्हणाला, उष्णता झाली असेल, नाहीतर औषध. तू म्हणालीस, "उष्णता कुटून? पडदे वर हायत, मशीन बंद हाय." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्या दिवशी तिथं मीच होतो.

तेव्हा मी म्हणालो, "मला औषधाचा वास आला होता."

एवढंच एक वाक्य. कुणाचं नाव घेतलं नाही. नाव तुम्ही घेतलंत, आणि मी घेऊ दिलं. बन्सीराव बांधावर जाऊन ओरडले तेव्हा तात्याबा म्हणाला, "वारं तिकडून हिकडं व्हतं, पाव्हणं. माझ्याच डोळ्यांत धूळ जात व्हती." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी चपलेचा अंगठा नीट करत होतो. दुसऱ्या दिवशी बन्सीरावांनी तुमच्या शेतातून जाणाऱ्या त्याच्या वाटेवर बाभळीचे काटे टाकले.

वास आला नव्हता, पंचशीला. आत आळ्यांचा, पाल्याचा आणि तापलेल्या वायरींचा वास होता.

मार्चमध्ये सगळी नाणी विकून मी तुला दहा हजार दिले. तू अजून सोयऱ्याधायऱ्यांत सांगतेस, वाईट दिवसांत दादानं हात दिला. पुढच्या वेळी सांगताना हेही सांग, की ती मदत नव्हती. तुझं नुकसान साठ-सत्तर हजारांचं होतं आणि ते मी केलं होतं.

तू लिहिलंस, 'सात वर्षं झाली, आता त्याला एकदा कायमचा धडा शिकवू.' तात्याबाची बायको साखराबाई डोक्यावर भारा घेऊन ओढ्याच्या वळशानं जाते, हे तूच मागं फोनवर हसून सांगितलं होतंस. तेव्हा मीही हसलो होतो.

शपथपत्र सही न करता परत पाठवतो आहे. सोबत मी स्वतः लिहिलेलं एक पानी दुसरं आहे. त्याच्यावर सही केली आहे, बुधवारी अकरा वाजता तेच घेऊन मी गेवराईला उभा असेन. त्यातला 'सदरहू इसम' मी आहे. हे कळल्यावर तू माझ्याशी बोलणार नाहीस, असा माझा अंदाज आहे. भावाचे माझे सगळे अंदाज चुकले, हा एक तरी चुकावा.

तलवाडा,
शनिवार, १४ डिसेंबर

पत्र पोस्टात टाकायच्या आधी एक काम उरलं होतं म्हणून इकडे आलो. जीपमधून उतरलो आणि ओढ्याच्या वळशानं तात्याबाच्या शेतावर गेलो. पाऊण तास लागला. बुटांत पाणी गेलं, त्याची तक्रार करणार नाही.

तात्याबा मेंढ्यांना पाणी पाजत होता. मला बघून पहिलं काय म्हणाला असेल? "वहिनी बऱ्या हायत ना?" साखराबाईनं चहा ठेवला. मी खिशातून टेस्टर काढून त्याच्या हातावर ठेवला.

त्यानं तो उलटसुलट बघितला. लाल दोरा बोटानं चाचपला. "मला वाटलं तुमी इसरले."

"विसरलो नव्हतो."

"तेबी ठावं हाय."

मी विचारलं, तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत? पडदे तुम्ही बघितले होते. तो म्हणाला, "मेंढक्याचं ऐकून साहेबाला खोटं पाडतंय व्हय कुनी? त्यात तुमी बहिणीच्या दारात उभे." आतून साखराबाई म्हणाली, "त्येंला नका इचारू. मला इचारा, वळसा मी घातलाय." मी तिला विचारलं नाही. बुधवारी येतो आहे, एवढं सांगितलं. तिनं चहात साखर घातली का नाही, मला कळलं नाही, मी पिऊन टाकला.

परत येताना तुझं शेड लांबून दिसलं. पडदे वर गुंडाळलेले होते. दारापर्यंत आलो नाही. ती हिंमत बुधवारसाठी ठेवली आहे, जास्त साठा नाही.

निघताना तात्याबानं भिंतीवरच्या बोर्डाला टेस्टर लावून बघितला. अंगठा टेकवला, आतला दिवा लाल झाला. "चालतंय की अजून," म्हणाला, आणि तो देवळीत ठेवला. तिथं टेस्टरच्या मापाची जागा रिकामीच होती.

शपथेवर खरं लिहिणारा,
तुझा दादा,
अनिल