स्टुडिओत दार अडलं त्याची हकीकत

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड (पूर्व)
जानेवारी २००६

ती. सौ. आनंदीताईंना गिरिजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक. तुमची शुगर कशी आहे? महिपतभाऊजींचे गुडघे देवरुखच्या थंडीत कुरकुरत असतील. त्यांना म्हणावं, तेल चोळून घ्या, नुसतं बाटलीकडे बघत बसू नका. (तुमचा भाऊ असाच बघत बसतो, म्हणून लिहिलं.) फोन केला असता, पण फोन हॉलमध्ये आणि तुमचा भाऊही हॉलमध्येच. शिवाय तुम्ही ‘बिल चढतंय गो’ म्हणून मुद्द्याआधीच ठेवून देता. म्हणून पत्र.

तुम्हाला कळलं असेलच की मला पुन्हा नोकरी लागली आहे. आमच्या बँकेच्या नाटकांत मी जन्मभर विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग केलं. पुढे बायकांची नाटकं बसवलीसुद्धा. व्हीआरएस घेतल्यावर वाटलं होतं, आता फक्त यांनाच प्रॉम्प्ट करायचं. पण सोसायटीच्या गणपतीत मी मुलांचं नाटक बसवलं, ते वरच्या मजल्यावरच्या एका टीव्हीवाल्याने पाहिलं. पेणकरपाड्याच्या पुढे भांड्यांच्या कारखान्याची जुनी शेड आहे, तिचा त्यांनी स्टुडिओ केलाय. तिथे एक विनोदी मालिका होणार, आणि तीही समोर खरेखुरे प्रेक्षक बसवून. नट सगळे रडक्या मालिकांतले. त्यांना माणसांसमोर उभं राहायला शिकवायचं, हे माझं काम.

ताई, ही मंडळी गुणी हो, पण सवयी काय विचारता! वाक्य बोलून झालं की मान वळवून थांबतात, कारण कॅमेरा तीनदा तोंडाजवळ येणार याची खात्री. आवाज असा, की शेजारच्यालाही कळू नये. आणि जरा चुकलं की ‘कट’ होण्याची वाट बघत पुतळे. मी त्यांना सांगितलं, बाबांनो, हशा म्हणजे तापलेलं दूध. वर येतंय तोवर गप्प राहायचं, खाली बसायला लागलं की पुढचं वाक्य सोडायचं. उशीर केला तर साय धरते. त्यांनी हे वहीत लिहून घेतलं. एकीने विचारलं, ‘मॅडम, दूध सेटवर असेल ना?’

त्यातली रसिकाबाई माझ्याच वयाची, आईचं काम करते. ती लवकर तयार झाली. अडलं ते तिच्या मुलाचं काम करणाऱ्या निकेतचं. पोरगा भाईंदरचाच, दिसायला राजबिंडा. सोसायटीच्या हॉलमध्ये भजनी मंडळापुढे तालीम ठेवली. त्याच्या पहिल्याच वाक्याला बायका खळखळून हसल्या, आणि हा पाठमोरा होऊन पँटची चेन तपासायला लागला! नंतर जिन्यात बसून मला म्हणाला, “मॅडम, शाळेच्या गॅदरिंगला मी डायलॉग विसरलो होतो. पूरा हॉल हसला. तेव्हापासून कोणी हसलं ना, की वाटतं माझंच काहीतरी चुकलं. सिरियलमध्ये बरं असतं, समोर कोणीच नसतं.” तो टीव्हीवाला निर्माता तर सांगून बसला होता, पहिलं रेकॉर्डिंग बिघडलं तर दुसरा मुलगा घेऊ. मग मी त्याला रोज घरी जेवायला बोलवायला लागले. मी विनोद सांगायची, हे हसायचे नाहीत, आणि निकेतला बरं वाटायचं. (म्हणजे तयारी काहीच झाली नाही, हे नंतर लक्षात आलं.)

रेकॉर्डिंगच्या दिवशी शेड गच्च भरली. भजनी मंडळ, कॉलेजची पोरं, शिवाय चौक गावच्या कोळणी सगळं सोनं घालून बसने आलेल्या. तुमच्या भावाला मी पहिल्या रांगेत बसवलं आणि बजावलं, काही झालं तरी जागेवरून हलायचं नाही. दिवे लागले. रसिकाबाईने छान सुरुवात केली. आता बेल वाजवून निकेतने आत यायचं. बेल वाजली. दार उघडेना. रसिकाबाईने आतून ओढलं, निकेतने बाहेरून ढकललं; नुसती भिंत हलायला लागली. रसिकाबाईचा झाला पुतळा. मी विंगेतून हातवारे करतेय, ‘बोला, काहीही बोला!’ ती मात्र ‘कट’ची वाट बघतेय. मागून एक कोळीण ओरडली, “अगो, पोरगा भायेर हाय, दार कुनी उघडीत न्हाय!”

आणि हे उठले.

तुम्ही ओळखताच तुमच्या भावाला. एवढी वर्षं औषधांच्या कंपनीत मेंटेनन्सला काढली. काही अडलं की पाय आपोआप तिकडे वळतात. सरळ सेटवर गेले. रसिकाबाईला तेवढ्यात सुचलं हो! म्हणाली, “या भाऊजी, बरं झालं आलात.”

हे म्हणाले, “मी तुमचा भाऊजी नाही. मी गिरिजाचा नवरा. तुम्ही जरा बाजूला व्हा, पायावर पडेल.”

शेड अशी हसली की वरचे पत्रे वाजले. यांनी कडीला हिसका दिला, तर दाराचं हँडलच हातात आलं. यांनी हँडलकडे बघितलं, लोकांकडे बघितलं आणि ते खिशात घातलं. लोक आणखी हसले. मला वाटलं, आता पलीकडे निकेत पळाला असेल. तर दारामागून त्याचा आवाज आला, “आई, मी पुढच्या आठवड्यात येऊ का?” हे वाक्य लिहिलेलं नव्हतं, ताई! हशा वर चढला, तो थांबला. हशा ओसरला, तशी खिडकीतून टांग टाकून आत आला आणि पुढचं वाक्य बोलला. मी विंगेत पदर तोंडाशी धरून रडत होते. पोराची जागा पक्की झाली.

निर्माता आता म्हणतोय, यांना शेजारी करून दर भागात घ्यायचं. पण रिक्षात हे नुसते त्या हँडलकडे बघत बसले. घरी आमटीभात अर्धा टाकला. म्हणाले, “कंपनीत इतकी मशीनं दुरुस्त केली, कुणी हसलं नव्हतं.” सगळ्यांना बोलायला शिकवणारी मी, यांच्या पानात नुसतं तूप वाढलं. दुसऱ्या दिवशी निकेत आला. म्हणाला, “काका, ते तुम्हाला नाही हसले, तुम्हाला बघून त्यांना बरं वाटलं म्हणून हसले.” हे म्हणाले, “हसण्याचा आवाज तर तसाच होता.” आठवडा झाला, हे घरातल्या दारांना तेलपाणी करतायत आणि माझ्याशी मोजकं बोलतायत.

असो. इकडची काळजी नसावी. भाऊजींना नमस्कार.

तुमची,
गिरिजा

ता. क. – काळजी असावी. तुम्ही यांना फोन करा. तुमचंच ऐकतात. मी लिहिलंय म्हणून सांगू नका.

ता. क. २ – निर्मात्यासाठी म्हणत नाही हो. जन्मभर मी विंगेतून कितीतरी नट पाहिले. त्या दिव्यांत तुमचा भाऊ फार छान दिसत होता. हेही सांगू नका.

ता. क. ३ (निळ्या शाईत) – ताई, सा. न. वि. वि. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं. पाकीट उघडं होतं, वाचलं. शेवटच्या दोन ओळी दोनदा वाचल्या. मी निकेतला परवाच त्या शेजाऱ्याच्या कामाला हो म्हणून सांगितलंय, पण गिरिजाला बोललो नाही. तिला वाटू दे, तू समजावलंस. तेव्हा फोन कर आणि मला जरा रागाव. आणखी एक. लोक हसत असताना आपल्या हातांचं काय करायचं असतं, हे तिला विचारून मला कळव. मला विचारायला लाज वाटते. – दशरथ