पुलाच्या वरचं पाणी

दादा,

'प्रिय' लिहीत नाही. तेवढं खोटं मला अजून जमत नाही.

तू उद्यानातला साहेब; ही हंगामी नोकरी तूच मला लावलीस. उद्यानातल्या ओढ्यातले दगड उलटायचे, त्यांना चिकटलेल्या अळ्या पांढऱ्या ट्रेमध्ये मोजायच्या. अळ्या भरपूर, तर पाणी चांगलं. पुलाच्या खालच्या अंगाला, जिथे कॅन्टीनचं सांडपाणी मिसळतं, तिथे महिनाभर एकही अळी नव्हती. तुला सांगितलं तर म्हणालास, "शहाणपणा नको. पुलाच्या वरच्या अंगाला मोज आणि खालची म्हणून लिही. ओढा एकच आहे ना!" मी मुकाट्याने लिहिलं. त्या आकड्यांवर तू पुलाखाली पाटी ठोकलीस: पाणी स्वच्छ आहे, मुलांना खुशाल खेळू द्या.

रविवारी वहिनी चिमीला घेऊन आली. पोरगी पाटीपाशी चपला काढून पाण्यात उतरणार, तोच तू तिचं बखोट धरून तिला पुलाच्या वरच्या अंगाला नेलंस. लाज कोळून प्यायलास, पण आपल्या लेकीला कुठलं पाणी चालतं ते बरोबर कळतं तुला! खाली लोकांची सात मुलं डुंबत होती. मी मोजली. तू त्यांना अवाक्षर बोलला नाहीस.

मीही नाही. म्हणून हे पत्र तुला न देता अजून ट्रेखालीच ठेवलं आहे.

तुझी बहीण,
पुलाखालच्या प्रत्येक नोंदीवर जिची सही आहे ती