झोपला गा पोट्टा

बाबा,

आज दादाला पेज भरवली. निम्मी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळ्यावर उतरली. पुसताना माझा हात त्याच्या मानेला लागला आणि तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग काही म्हातारा होत नाही, मीच म्हातारी झाले.

वाडीच्या गोदामात दिवसभर पोती उचलून तुम्ही संध्याकाळी आखाड्यात उतरायचात. कुस्तीत गळा आवळायला मनाई, हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. पण सरावात मान पक्की व्हावी म्हणून पोरांच्या गळ्याभोवती कोपराचा वेढा टाकायचात. मांडीवर थाप मारली की सोडायचं, असा नियम होता. फक्त थाप मारणाऱ्याला त्या दिवशी दूध मिळत नसे. मग कोण मारणार? डोळे पांढरे होऊन कुणी लुळा पडला की तुम्ही हसायचात, "झोपला गा पोट्टा, पाणी मारा." बेशुद्ध हा शब्द आपल्या घरात कधी उच्चारलाच गेला नाही. झोपेला कोण घाबरतं? दादाला तर ही झोप कितीदा लागली, आणि उठला की मोठा पेला त्याचाच.

त्या दिवशी मी दुधाची कासंडी घेऊन आखाड्याच्या दारात उभी होते. दादाची मान तुमच्या कोपरात. त्याने डाव्या हाताने तुमच्या मांडीवर थाप मारली. पुन्हा मारली. जन्मात कधी न मारलेली. मग हात खाली पडला आणि मी ओरडले. "काहून रडून राहिली वं? झोपला हाय, उठते आता," तुम्ही म्हणालात. आणि तो खरंच उठला, दूध प्यायला, सायकल हातात धरून घरी आला. जेवताना उजवा हात ताटातच पडून राहिला, तोंडातून शब्द फुटेना. तरी तुमचं आपलं, "झोप उतरली नाही त्याची. सकाळी बरा होते."

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गळा आवळला होता का कुणी?" मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा होते, तिथे गुठळी धरते आणि मागाहून मेंदूत जाते, मधल्या वेळात माणूस हसतो-बोलतोही, असं त्यांनी समजावलं. तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "कुस्तीत लागलं." त्यानंतर आखाड्याचं कुलूप तुम्ही कधी उघडलं नाही, आणि या विषयावर तोंडही.

दादा अजून बोलत नाही. काही हवं असलं की डाव्या हाताने खाट थापटतो. पाणी असो, कूस बदलायची असो, तीच थाप. मी उठते. आता गुडघे साथ देत नाहीत, आणि माझ्यामागे कोण उठणार, ते मला दिसत नाही.

त्या दिवशीची मांडीवरची ती थाप तुम्हाला जाणवली होती का, एवढंच विचारायला बसले होते. नाही म्हणालात तर मला पटणार नाही. पण खरं सांगते बाबा, तुम्ही हो म्हणाल याचीच मला जास्त भीती वाटते, म्हणून हे पत्र इथेच थांबवते. तो थापटतोय. उठते.